पालीचं पोट आणि निलंग्याचे तीन ऋतू

पाळलेल्या पालीने खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा ओकून टाकला, आठवडाभर तिची शी दिसली नाही, किंवा दिसली ती पाण्यासारखी पातळ, की पाळणाऱ्याचं लक्ष सरळ तिच्या पोटाकडे जातं. कुठला किडा बाधला, जंत झाले का, कोणतं औषध द्यावं, असे प्रश्न सुरू होतात. हे प्रश्न रास्तच आहेत, पण त्यांची पाळी नंतर येते. पाल अन्न पचवते ती पोटातल्या रसांनी आणि त्याच्या जोडीला जागा बदलून. उबेला जायचं आणि ऊब पुरे झाली की सावलीत सरकायचं, ही तिच्या पचनक्रियेचीच एक पायरी आहे. ज्या पेटीत सरकायला दुसरी जागाच नाही, त्या पेटीत निरोगी पालीचं पोटही बिघडतं आणि तिथे दिलेलं औषधही नीट लागू पडत नाही. म्हणून पोटाच्या तक्रारीचा तपास पेटीच्या तळापासून सुरू करायला हवा. निलंग्यात, किंवा एकूणच लातूर-नांदेडकडच्या हवेत, हा तपास परदेशी पुस्तकांत सांगितलेल्या तपासाहून बराच वेगळा निघतो. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरात वर्षातले आठ महिने थंडी असते. त्यांचा सगळा भर पालीला ऊब कशी द्यायची यावर असतो. आपल्याकडे वर्षातले काही महिने तिला ऊब द्यावी लागते, काही महिने उलट गारवा द्यावा लागतो, आणि अधूनमधून दोन्ही एकाच दिवसात.

आधी कोणती पाल, ते सांगू. भारतातल्या मोठ्या शहरांत पाळीव म्हणून जी पाल सर्वाधिक दिसते ती लेपर्ड गेको. अंगावर ठिपके, जाड शेपूट, आणि घरातल्या भिंतीवरच्या पालीला नसतात अशा उघडझाप करणाऱ्या पापण्या. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे ती काचेवर चढत नाही, जमिनीवरच वावरते. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताचे खडकाळ, कोरडे प्रदेश हे तिचं मूळ घर. एडवर्ड ब्लाइथ याने १८५४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं. तिची एक सख्खी बहीण महाराष्ट्र-गुजरातच्या कोरड्या भागांत रानात राहते. पूर्वी ती त्याच जातीचा प्रकार मानली जात असे. २०१४ मध्ये जीशान मिर्झा आणि सहकाऱ्यांनी सातपुड्यातल्या एका नव्या जातीचं वर्णन करताना हिलाही स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. खेड्यांत ती दिसली की विषारी समजून ठेचली जाते. तिला विष मुळीच नसतं. पण रानातली पाल पकडून पेटीत ठेवणं हा तिला वाचवण्याचा मार्ग नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे; कोणताही सरपटणारा प्राणी घरी आणण्याआधी त्याची जात, त्याचा उगम आणि वनखात्याचे नियम तपासावेत. या प्रकरणात गृहीत धरलेली पाल पाळीव पैदाशीतली आहे.

लातूर-नांदेड भागात जनावराच्या पोटाबद्दल जे पिढीजात ज्ञान आहे ते देवणी आणि लाल कंधारी गुरांवरून आलेलं आहे. गाईचं पोट फुगलं तर काय पाजायचं, वासरू हगवणीला लागलं तर काय टाळायचं, हे गोठ्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. अडचण अशी की हे ज्ञान पालीला लावलं की फसतं. गाईची चूल तिच्या पोटातच पेटलेली असते. बाहेर डिसेंबर असो की मे, तिच्या आतलं तापमान ३८-३९ अंशांच्या आसपास टिकतं, आणि कोठीपोटातले जंतू त्याच उबेत काम करतात. पालीची चूल तिच्या पोटाखालच्या दगडात असते. दगड ३२ अंशांना असेल तर तिची पाचक द्रव्यं जोमाने काम करतात, आतडं नीट आकुंचन-प्रसरण पावतं, आणि रातकिड्याचं कवच वगळता बाकीचं बहुतेक पचतं. दगड २० अंशांवर आला की तेच रस मंदावतात, आतडं सुस्तावतं, पण किड्यातले आणि आतड्यातले जीवाणू मात्र पूर्ण थांबत नाहीत. अन्न पचण्याऐवजी कुजू लागतं. शरीराकडे मग दोनच वाटा उरतात: वरून ओकणं किंवा खालून तसंच ढकलणं. सरड्यांच्या वेगवेगळ्या जातींवर झालेल्या प्रयोगांतून अन्न आतड्यातून पुढे सरकण्याचा वेग शरीराच्या तापमानाबरोबर वाढतो हे वारंवार दिसलं आहे. जेवणानंतर मुद्दाम अधिक उबेची जागा शोधण्याची सवय सापांमध्ये ठळक दिसते. सरड्या-पालींच्या सगळ्याच जातींत ती तितकी स्पष्ट दिसत नाही हेही सांगायला हवं. पण जागा निवडायची मोकळीक मिळाली तर लेपर्ड गेको आपलं अंग तिशीच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न करते, आणि एवढी गोष्ट आपल्या मुद्द्याला पुरेशी आहे.

जागा बदलणं हा शब्दशः औषधोपचार असू शकतो, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मात्र पालीवरच्या प्रयोगातून आलेला नाही. तो अमेरिकेच्या वाळवंटातल्या डेझर्ट इग्वाना नावाच्या सरड्यावरचा आहे. मिशिगन विद्यापीठातले मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सरड्यांना एका रोगकारक जीवाणूची लागण करून त्यांना ३४ ते ४२ अंशांच्या वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत ठेवलं. अधिक उबेत ठेवलेले सरडे अधिक संख्येने वाचले. ३४ अंशांच्या गटात मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. त्याआधीच्या प्रयोगांत असंही दिसलं होतं की लागण झालेले सरडे आपणहून नेहमीपेक्षा उबदार जागा निवडतात. आपल्याला ताप आतून चढतो. या सरड्याने तो चालत जाऊन मिळवला. या प्रयोगाचा उतावीळ अर्थ काढणारे पाळणारे आजारी पालीची पूर्ण पेटीच ४० अंशांना तापवतात, आणि तिला मारतात. डेझर्ट इग्वाना भर दुपारी तापल्या वाळूवर फिरणारा प्राणी आहे, लेपर्ड गेको संध्याकाळी बाहेर पडणारी. तिला ४० अंश म्हणजे उपचार नव्हे, उष्माघात. प्रयोगातून घ्यायची ती गोष्ट एवढीच की आजारी प्राण्याला तापमान निवडायची संधी हवी. ती नाकारली की त्याच्या हातातलं सर्वांत जुनं औषध काढून घेतलं जातं.

आता पहिला आक्षेप, आणि निलंग्यात तो येणारच: इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, इथे कुणाला ऊब विकत घ्यायची गरज काय? या आक्षेपाचं उत्तर वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत आहे. लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बारा-तेरा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो. दुपारी शर्ट घालून फिरणाऱ्याला रात्री गोधडी लागते. पाल खाते ती संध्याकाळी, म्हणजे तिच्या पचनाचे पहिले तास नेमके थंडीत जातात. रानात ही अडचण येत नाही, कारण दिवसभर तापलेला खडक सूर्य मावळल्यावरही बराच वेळ ऊब धरून असतो आणि पाल त्याला पोट लावून बसते. पेटीतली काच किंवा प्लास्टिक तासाभरात थंड होतं. रात्र आहे म्हणून पेटी तापवायची विजेची चटई बंद करणारे लोक पालीला निसर्गासारखी रात्र देत असल्याचं समजतात. प्रत्यक्षात ते तिचा खडक काढून घेत असतात. हवा गार झालेली तिला चालते. पोटाखाली निदान एक जागा उबदार हवी.

घर कसलं आहे यावरही पुष्कळ अवलंबून आहे, आणि या भागात त्याला एक इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा औसा, निलंगा आणि उमरगा तालुक्यांतली जाड दगड-मातीच्या भिंतींची, वर माळवदाचं जड छत असलेली घरं मोठ्या प्रमाणात कोसळली. ती का कोसळली आणि त्यानंतर बांधकाम का बदललं, हे सर्वांना माहीत आहे. प्राणघातक ठरलेल्या त्या घरांचा एक गुण मात्र त्यांच्याबरोबर गेला: जाड भिंत आणि मातीचं माळवद बाहेरची उष्णता-थंडी आत यायला वेळ लावतात, त्यामुळे खोलीतलं तापमान दिवसभरात फारसं हेलकावे खात नाही. आजचं सिमेंटचं छत दुपारभर तापून रात्री उशिरापर्यंत खाली आग ओकत राहतं, आणि पत्र्याचं घर तर उन्हाबरोबर तापतं नि अंधाराबरोबर गार पडतं. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली पेटी हिवाळ्यातल्या एकाच दिवसात पस्तीस अंश आणि पंधरा अंश दोन्ही पाहू शकते. अशा घरात पाल पाळायची असेल तर पेटी जमिनीलगत, आतल्या भिंतीशी, खिडकीपासून लांब ठेवावी. कपाटावर ठेवली तर ती छताच्या उष्णतेत जाते. जुन्या वाड्यातला कुणी अजून जाड भिंतीच्या खोलीत राहत असेल, तर त्याच्या पालीला पोटाचे त्रास कमी होण्याची शक्यता आहे, बाकी सगळं सारखं असेल तर.

म्हणूनच या भागात एकाच लक्षणाचा अर्थ ऋतूनुसार उलटा होतो, आणि परदेशी पुस्तकावर विसंबलेला माणूस इथेच चुकतो. पालीने दहा दिवस शी केली नाही, असं समजा. डिसेंबरात याचं बहुधा कारण असं की पोटाखाली पुरेशी ऊब नाही, आतडं मंदावलं आहे. मे महिन्यात नेमकी हीच तक्रार बहुधा उलट कारणाने येते. दुपारी खोली ३९-४० अंशांवर गेली, पेटीत तिशीच्या खालचा एकही कोपरा उरला नाही, पालीच्या अंगातलं पाणी उडालं आणि आतड्यातलं अन्न कोरडं पडून अडकलं. तिच्या शीमधला पांढरा भाग पाहिला तर फरक लगेच कळतो. पाली लघवीऐवजी मुख्यतः पांढऱ्या खडूसारखे युरेट बाहेर टाकतात. तो भाग मऊ आणि पांढरा असेल तर पाणी पुरेसं आहे. पिवळा, कडक, वाळूच्या खड्यासारखा असेल तर प्राणी सुकतो आहे. डिसेंबरच्या पालीला उबदार दगड हवा, मेच्या पालीला ओलं खापर. फुटक्या माठाचा मोठा तुकडा उलटा घालून आत ओला कपडा ठेवला की बाष्पीभवनाने तिथला कोपरा काही अंशांनी उतरतो, आणि कातही सुरळीत निघते. खोलीत कूलर असेल तर त्याचा झोत पेटीवर सरळ सोडू नये, खोलीत फिरू द्यावा. मेमध्ये जेवण रात्री खोली निवल्यावर द्यावं, आणि फार तापलेल्या आठवड्यात कमीच द्यावं. जाड शेपटीतली चरबी हीच तिची साठवण आहे. तिसरा ऋतू पावसाळा. तापमान त्यात बहुधा अनुकूल असतं, मग पोटं का बिघडतात? तेव्हा दोष किड्यांचा असतो, त्याकडे पुढे येऊ.

दुसरा आक्षेप भिंतीवरच्या पालीचा. ट्यूबलाइटमागची पाल कुणी तापवत नाही, कुणी तिला कॅल्शियम पाजत नाही, तरी ती पिढ्यान्पिढ्या घरात नांदते. मग या विकतच्या पालीचेच एवढे चोचले का? पण घरातल्या पालीचा दिवस नीट पाहिला तर ती याच मुद्द्याची साक्षीदार निघते. दिवसा ती फोटोफ्रेममागे, दाराच्या चौकटीच्या फटीत, मीटरच्या पेटीत असते. ऋतू बदलला की फट बदलते. पश्चिमेची तापलेली भिंत तिला संध्याकाळी उपलब्ध असते आणि मोरीतला गारवाही. एका घरात तिच्यासमोर वीस-पंचवीस वेगवेगळी तापमानं असतात आणि ती रोज त्यांतून निवड करते. थंडीत कित्येक रात्री ती दिसतही नाही, कारण ती खातच नाही, आणि न खाणं हाही पचनाचा शहाणपणाच आहे. पेटीतल्या पालीकडून ही निवड आपण काढून घेतली आहे. तेवढी परत देणं हे चोचले नव्हेत. शिवाय भिंतीवरच्या ज्या पाली पोट बिघडून मरतात त्या आपल्याला दिसत नाहीत, मुंग्या त्यांचा निकाल लावतात.

तळात काय अंथरायचं, हा पोटाच्या तक्रारींचा दुसरा मोठा भाग. लेपर्ड गेको वाळवंटी प्राणी, म्हणून वाळू, असा हिशोब दुकानातही केला जातो. तिचा मूळ प्रदेश खडकाचा आणि घट्ट बसलेल्या मातीचा आहे, सुट्या वाळूच्या ढिगांचा नाही. पाल जिभेने वस्तू चाटून ओळखते आणि किड्यावर झडप घालताना त्याच्याबरोबर तळातलं जे असेल ते गिळते. निरोगी, उबेत असलेल्या, पाणी पुरेसं मिळणाऱ्या पालीच्या आतड्यातून थोडी वाळू निघूनही जाते. म्हणून वाळूच्या समर्थकांचं म्हणणं सरसकट खोटं नाही. पण थंड पेटीत, सुकलेल्या पालीत, किंवा कॅल्शियम कमी पडलेल्या पालीत तीच वाळू आतड्यात साचून बूच बसतं. कॅल्शियमचा संबंध दुहेरी आहे. ते कमी पडलं की पाल माती-वाळू मुद्दाम चाटू लागते, आणि आतड्याच्या स्नायूंनाही आकुंचनासाठी कॅल्शियमच लागतं. म्हणजे गिळणं वाढतं आणि ढकलण्याची ताकद घटते. काळी माती तर मुळीच नको. ती पाण्याने फुगणारी आणि वाळल्यावर भेगाळणारी माती आहे. शेताला ती हवी, पालीच्या आतड्याला नाही. या भागातलं सर्वांत योग्य अंथरूण घरोघरी पायाखाली आहे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून ज्या फरशीला नाव मिळालं, तिचा तुकडा पेटीच्या एका बाजूला बसवून त्याखाली तापवायची चटई ठेवली, की तो दगड सावकाश तापतो, सावकाश निवतो, आणि भारनियमनात वीज गेली तरी काही काळ ऊब धरतो. तो चाटला तरी काही तुटून पोटात जात नाही, आणि शी तिच्यावर स्पष्ट दिसते. शी दिसणं ही किरकोळ सोय नव्हे. वाळूत ती हरवते आणि आजार आठवडाभर उशिरा कळतो.

तापवलेल्या फरशीचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश असावा, पेटीच्या दुसऱ्या टोकाचा २४ ते २६. चटईला थर्मोस्टॅट हवाच, आणि त्याचा तापमापी गोळा हवेत लोंबकळत न ठेवता फरशीवर टेकलेला हवा. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या इन्फ्रारेड बंदुकीने फरशी मोजता येते, पण ती कपाळ मोजण्याच्या स्थितीत असेल तर आकडा खोटा येतो, कारण त्या स्थितीत ती त्वचेसाठीची दुरुस्ती करून दाखवते. वस्तूच्या पृष्ठभागाची स्थिती निवडावी. हिवाळ्यात रात्री वीज जाण्याचं वेळापत्रक ठाऊक असेल, तर त्या संध्याकाळी जेवण न देणं हाच सोपा उपाय. रिकाम्या पोटी गारठलेली पाल सुस्त पडते, भरल्या पोटी गारठलेली आजारी पडते.

पावसाळ्यात दिव्याखाली किड्यांचा खच पडतो आणि फुकटच्या खाद्याचा मोह होतो. नेमका तोच काळ सोयाबीनवर फवारण्या चालू असण्याचा, आणि निलंग्याच्या चारही बाजूंना सोयाबीन-तूर आहे. शेतातून उडून आलेल्या नाकतोड्याच्या अंगावर काय आहे हे बघून कळत नाही. कीटकनाशकाची बाधा झालेली पाल आधी खाणं सोडते, मग लाळ, थरथर, तोल जाणं अशी लक्षणं दिसतात. पोटाचा बिघाड समजून एक दिवस वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. फवारणीशिवायही काही किडे स्वतःच विषारी आहेत. तूर, मूग, उडदाच्या फुलांवर बसणारे काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले भुंगेरे शेतकऱ्याला चांगले माहीत असतात, कारण ते चिरडले की कातडीवर फोड येतात. त्यांच्यातलं कॅन्थॅरिडिन हे द्रव्य तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर जाळतं. काजवे तसेच. अमेरिकेत पाळीव सरडे काजवे खाऊन मेल्याच्या घटना १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात नोंदल्या गेल्या. एखादा काजवाही पुरेसा ठरला होता. तिथले काजवे आणि इथले वेगळ्या जातींचे असले, तरी प्रयोग आपल्या पालीवर करण्याचं कारण नाही. किडे घरी पैदास केलेले असावेत, त्यांना देण्याआधी दिवसभर गाजर, पालेभाजी खायला घातलेली असावी, आणि किडा पालीच्या दोन डोळ्यांतल्या अंतराहून मोठा नसावा. यात शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. मोठा किडा खाताना पाहण्यात मजा असते, आणि उलटी झाल्यावर दोष पोटाला दिला जातो.

तिसरा आक्षेप पशुवैद्याचा, आणि तो सर्वांत वजनदार. सगळं तापमानावर ढकललं तर खरे आजार झाकले जातील, असं तो म्हणेल. पालीला जंत होतात, कोक्सिडिया नावाचे एकपेशीय परजीवी होतात, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म परजीवी तर लेपर्ड गेकोच्या लहान आतड्यात ठाण मांडून बसतो. त्यात पाल खात राहते आणि तरी वाळत जाते, जाड शेपूट काडीसारखं होतं, शी पातळ आणि अर्धवट पचलेली येते. ऊब योग्य असली तरी हे थांबत नाही, आणि त्यावर खात्रीचा इलाज आजही नाही. आक्षेप मान्य. पण तो मान्य केल्यानेच पहिला मुद्दा बळकट होतो. थंड पेटीतल्या पालीलाही हीच लक्षणं दिसतात, त्यामुळे पेटी सुधारल्याशिवाय दोघींतला फरक कळूच शकत नाही. फरशी ३२ अंशांवर आणून दोन-तीन आठवड्यांत जिचं वजन सावरतं तिचा आजार पेटीचा होता. योग्य उबेतही जी घटत राहते तिच्या शीची तपासणी तातडीने हवी. अर्थात पाल आधीच खंगलेली असेल, शीमध्ये रक्त असेल, पोट फुगून निळसर-काळपट दिसत असेल, तर दोन आठवडे वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. औषधाचंही तसंच आहे. सरपटणाऱ्या प्राण्याच्या शरीरात औषध किती वेगाने पसरतं आणि बाहेर पडतं हे त्याच्या तापमानावर ठरतं, म्हणून जाणकार पशुवैद्य मात्रा लिहिण्याआधी पेटीचं तापमान विचारतात. न विचारणाऱ्याला ते आपण सांगावं.

पालीचा पशुवैद्य निलंग्यात कुठून आणायचा, असं वाटणं साहजिक आहे. विदेशी पाळीव प्राण्यांचे तज्ज्ञ पुणे, मुंबई, हैदराबादसारख्या शहरांत असतात. पण जिल्ह्यातच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि शी तपासायला लागणारा सूक्ष्मदर्शक आणि दाट द्रावणात अंडी तरंगवण्याची पद्धत गाय-शेळीसाठी वापरतात तीच आहे. जंतांची आणि कोक्सिडियाची शंका तेवढ्याने बऱ्याच अंशी मिटू शकते. ताजी शी स्वच्छ झाकणाच्या डबीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिवसभरात पोहोचवावी. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. तुरळक सूचिकृमी दिसले म्हणून घाबरायचं कारण नसतं, ते निरोगी पालींतही सापडतात. संख्या आणि वजन मिळून निर्णय होतो. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी मात्र पीसीआर चाचणी करणारी प्रयोगशाळा लागते, आणि परजीवी रोज बाहेर पडत नसल्याने एकदा ‘नाही’ आलं तरी पुन्हा तपासावं लागतं.

तोवर घरी काय करायचं? आधी खाणं थांबवायचं. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटत नाही; आजारी जीव उपाशी ठेवायचा म्हणजे काय, असं त्यांना वाटतं. पण जिचं शेपूट अजून भरलेलं आहे अशा प्रौढ पालीला काही दिवसांच्या उपासाने धोका नाही, न पचणाऱ्या अन्नाने आहे. पिल्लांची आणि वाळलेल्या पालीची गोष्ट वेगळी, त्यांना लवकर डॉक्टर गाठावा. मग ऊब, मग पाणी: उथळ ताटलीत तिशीच्या आसपासचं कोमट पाणी, पोटाच्या खालच्या बाजूपुरतं, दहा-पंधरा मिनिटं, देखरेखीखाली. बद्धकोष्ठ असेल तर पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. एरंडेल, ओव्याचं पाणी, हिंग, माणसाच्या जुलाबाच्या गोळीचा तुकडा, यांतलं काही पाजू नये. पन्नास-साठ ग्रॅमच्या प्राण्यात थेंबाचाही हिशोब चुकतो आणि तेल श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. बळेबळे तोंड उघडून भरवणं तर पाल गार असताना कधीच करू नये. वजन सराफी काट्यावर दर आठवड्याला, त्याच वारी, जेवणाआधी करावं आणि तारखेसह लिहावं. दहावा हिस्सा घटला की प्रतीक्षा संपली. बरी होऊ लागलेल्या पालीला पहिल्याच दिवशी पोटभर देण्याचा मोह आवरावा: एक लहान, मऊ अंगाचा किडा, तो नीट पचून शी आल्यावर दुसरा. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक आलेलं जेवण झेपत नाही, त्याने यकृतावर आणि रक्तातल्या क्षारांवर ताण येतो. आणि पालीला हात लावला, पेटी धुतली की साबणाने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या पालीच्या शीमध्येही साल्मोनेला असू शकतो, आणि घरातलं लहान मूल तो सहज तोंडात घालतं. पेटी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नये.

चाचणीत क्रिप्टोस्पोरिडियम निघालाच, तर पुढचा निर्णय अवघड असतो. काही औषधं परजीवीचं बाहेर पडणं कमी करतात, काही पाली योग्य उबेत आणि थोड्या-थोड्या खाण्यावर महिनोन्महिने तग धरतात. पण ती पाल कायम वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, इतर पालींनंतर सर्वांत शेवटी हाताळायची. वजन घटणं थांबतच नसेल आणि प्राणी उभाही राहत नसेल तर पशुवैद्याकडून शांत मृत्यू देणं हाच सभ्य पर्याय उरतो. नंतर त्याच पेटीत दुसरी पाल आणायची घाई करू नये. या परजीवीच्या पुटी ब्लीचसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. उकळत्या पाण्याची वाफ आणि पूर्ण कोरडं होणं यांनी त्या मरतात. काचेची पेटी तशी निर्जंतुक करता येते. लाकूड, खापर, कापड जाळून टाकावं किंवा फेकावं, आणि बारीक छिद्रांची शहाबादी फरशीही त्यांच्याबरोबर. तेवढा तुकडा फरशीवाल्याकडच्या तुटक्या मालात फुकटसुद्धा मिळतो.